चालकाचं नाव

राजीव तावरेविषयी वाईट बोलणारा रीडिंगच्या मराठी मंडळात शोधून सापडला नसता. गणपतीत खुर्च्या मांडायला हा पहिला, आणि सगळे घरी गेल्यावर हॉल झाडायलाही हाच. बोलायला मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हाच माणूस गाडीत बसला की त्याच्या अंगात यायचं. पुढचा हळू चालला तर याचा जीव वरखाली, मागचा जवळ आला तर याचा अपमान. आणि ताशी तीस मैलांची पाटी दिसली की आपल्यालाच अडवायला कुणीतरी ती लावली आहे अशी त्याची खात्री असे.

बरं, गाडीशिवाय त्याचं पानही हलणारं नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे आपण ज्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसतो, ती वरखाली होईनाशी झाली की राजीवला फोन जातो. कंपनी रीडिंगची, गिऱ्हाइकं मात्र खाली दक्षिणेकडच्या लहान लहान गावांत. सॉल्सबरी सोडली की ए-थर्टी लागतो. आधी विल्टन, मग टेकडीवरचं शाफ्ट्सबरी, पुढे शेरबर्न, येव्हिल, क्रूकर्न, चार्ड. कागदावर मोठा रस्ता. प्रत्यक्षात अर्धा वेळ ट्रॅक्टरच्या मागे आणि उरलेला अर्धा घोड्यावरून रमतगमत निघालेल्या एखाद्या बाईच्या मागे. दोन्हीकडे उंच कुंपणाची झुडपं, मधूनच एक गाव. एक चर्च, एक पब, रस्त्याला अगदी चिकटून दगडी घरं, आणि गावाच्या तोंडाशी ती लाल कडेची तीसची पाटी.

या पाट्यांनी राजीवचा घात केला होता. पहिल्यांदा कॅमेऱ्यात सापडला तेव्हा एका कोर्सवर सुटका झाली. मग तीन वर्षांत तीनदा सापडला, दर वेळी तीन पॉइंट. त्यातला तिसरा प्रसंग एका शाळेसमोरचा होता, आणि तो त्याने बायकोलाही सांगितला नव्हता. एकूण नऊ झाले. बारा झाले की लायसन्स सहा महिने जाणार. लायसन्स गेलं की नोकरी जाणार, कारण बसने हिंडणारा सर्व्हिस इंजिनियर कोण ठेवून घेईल? आणि व्हिसा त्या नोकरीच्याच खुंटीला टांगलेला. कायमचं राहण्याचा अर्ज पुढच्या जूनमध्ये करायचा होता. जूनपर्यंत एकही पॉइंट नको, एवढंच देवाकडे मागणं होतं. पाय मात्र देवाच्या नव्हे, राजीवच्या ताब्यात होता.

अशात त्याचे वडील सहा महिन्यांसाठी राहायला आले. दीनानाथ तावरे, फलटण आगाराचे निवृत्त एसटी चालक. तेहतीस वर्षं नोकरी, एकही अपघात नाही. पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा बिल्ला मिळाला होता, आणि शेजारी उभ्या राहिलेल्या आईला साडीचोळी. आई आता नव्हती. बिल्ला होता, आणि तो बाबांनी मोज्यात गुंडाळून बॅगेत घालून इंग्लंडला आणला होता. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बिल्ल्यासोबत आणली होती एक वही. आगारातली लॉगशीट आगारात जमा होते, म्हणून बाबा पहिल्या दिवसापासून घरी स्वतःची वेगळी वही ठेवत. तारीख, कुठून कुठे, निघालो, पोचलो, चालक, शेरा. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. नातेवाइकांच्या गाडीतून लग्नाला गेले तरी वहीत ओळ पडायची, चालकाच्या रकान्यात भाच्याचं नाव, आणि शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असे, 'निरंक'. इंग्लंडात आल्यावर ही ओळ रोजची झाली. हीथ्रो ते रीडिंग, चालक राजीव. रीडिंग ते कॉव्हेंट्री, चालक मीनल. मीनल म्हणजे सून. तिच्या ओळीपुढे 'उत्तम' असा शेरा होता. तो वाचून राजीव हसला होता.

एकदा सात वर्षांची ईशानी आजोबांच्या शेजारी बसून होमवर्क करत होती. चुकलेला शब्द ती रबराने खोडू लागली, तर आजोबांनी तिचा हात धरला.

"रबर नाही. एकच आडवी रेघ मारायची. चुकलेलं वाचता आलं पाहिजे. त्याच्या वर नवीन लिहायचं आणि खाली सही करायची, तारीख टाकायची."

"पण आजोबा, टीचर म्हणते रब आउट कर."

"टीचरचं बरोबर असेल. आमच्याकडे रबराने खोडलं की चौकशी लागायची."

"तुझा बुकमध्ये किती मिस्टेक आहे?"

"एकही नाही," बाबा म्हणाले, आणि वहीच्या पुठ्ठ्यावरून त्यांनी हात फिरवला.

सप्टेंबरात एके दिवशी राजीव त्यांना कामावर सोबत घेऊन गेला. मीनल ऑफिसला, ईशानी शाळेत. बाबा दिवसभर घरात बसून खिडकीतून समोरच्याची बंद गाडी बघत राहायचे, ते त्याला बघवेना. सॉल्सबरी मागे पडली आणि ए-थर्टी लागला तसे बाबा ताठ बसले. दोन्ही हात मांडीवर, उजवा पाय आपोआप पुढे.

"गाव आलं," ते म्हणाले.

अजून पाटीही दिसत नव्हती. फक्त झाडांवरून चर्चचं टोक दिसत होतं. राजीवने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या गावालाही तेच. "गाव आलं. पाय उचल." तिसऱ्या गावाला तेच. आगारातल्या नव्या पोरांना त्यांनी वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं. गाव दिसलं की पाय उचलायचा, पाटीची वाट बघायची नाही. पाटी पोलिसांसाठी असते, पाय माणसांसाठी उचलायचा. घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं तिथून काय बाहेर येईल, सांगता येत नाही.

राजीवला शाफ्ट्सबरीला दहाला पोचायचं होतं. पेशंट खोळंबले होते, डेंटिस्ट दोनदा फोन करून चुकली होती. चौथ्या गावाच्या तोंडाशी बाबांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि राजीव भडकला.

"बाबा, प्लीज! ही काय फलटण-बारामती आहे का? मी नऊ वर्षं चालवतोय इथे. तुम्ही जरा शांत बसा ना."

बाबा शांत बसले. त्याच क्षणी मागून दोनदा लख्खकन उजेड पडला. एकोणचाळीस. कॅमेऱ्याची पिवळी पेटी झुडपाआड उभी होती. राजीव तिच्याकडे आरशात बघत राहिला. बाबांनी काही विचारलं नाही, 'मी सांगत होतो' हेही म्हटलं नाही. ते म्हणाले असते तर राजीवला भांडता तरी आलं असतं.

आठवड्याभराने गाडीचा मालक म्हणून राजीवच्या नावे नोटीस आली. गाडी कोण चालवत होतं ते कळवा. राजीवने ती मीनलला दाखवली नाही. कॉव्हेंट्रीच्या पुष्करला फोन लावला. पुष्कर त्याचा पुण्याचा कॉलेजातला मित्र, आणि प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एक आडवाट तयार असायची.

"बाबा इकडेच आहेत ना तुझे? मग प्रॉब्लेम काय आहे?" पुष्कर म्हणाला. "त्यांचं नाव टाक. फोटो मागून काढलेला असतो, कोण चालवतंय दिसत नाही. इंडियन लायसन्स आहे, जानेवारीत ते परत जाणार. फार तर एक ऑनलाइन कोर्स देतील. आपल्याकडे सगळे हेच करतात रे, पेरेंट्स व्हिजिटला आले की."

"खोटं आहे पण ते. पकडलं तर जेल असते म्हणे."

"कोण पकडणार? बाबा सांगणार आहेत का?"

बाबा सांगणार नाहीत, हे राजीवला पक्कं ठाऊक होतं. सगळी मेख तिथेच होती. बाबा वरच्या खोलीत दुपारची डुलकी घेत असताना त्याने त्यांच्या पाकिटातून लायसन्स काढलं, नंबर उतरवून घेतला, फॉर्म ऑनलाइन भरला आणि लायसन्स पुन्हा जागच्या जागी ठेवलं. बाबांना विचारलं नाही. विचारू, उद्या विचारू, असं म्हणत दहा दिवस गेले. माणूस भित्रा असला की त्याला उद्याची फार सोय वाटते.

मग एका शनिवारी सकाळी दारातून पत्रं पडली आणि ईशानी एक लिफाफा नाचवत आली. "आजोबा, तुझी लेटर आली! तुझा नाव आहे!"

बाबांनी चष्मा लावला. मिस्टर दीनानाथ तावरे, खाली रीडिंगचा पत्ता, सगळं छापील. त्यांचा चेहरा खुलला. "बघ मीनल, सरकारला कळलं आम्ही आलोय ते," असं म्हणून त्यांनी लिफाफा फाटू नये म्हणून सुरी मागितली. मीनल हसत सुरी आणायला गेली. राजीव ओट्यापाशी चहाचा कप धरून उभा होता.

पत्र बाबांनी दोनदा वाचलं. इंग्रजी त्यांना सावकाश वाचता येत होतं. त्या दिवशी गाडी तुम्हीच चालवत होता, हे सही करून कळवा, असं त्यात होतं. मग त्यांनी ते मीनलच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि राजीवकडे पाहिलं. ईशानीला बागेत पाठवण्यात आलं.

राजीवने सगळं सांगितलं. नऊ पॉइंट, लायसन्स, नोकरी, व्हिसा, जून. शाळेसमोरचा प्रसंगही सांगून टाकला. बोलताना तो कुणाकडेही बघत नव्हता.

"तू त्यांना विचारलंही नाहीस?" मीनल म्हणाली. "त्यांच्या पाकिटातून कार्ड काढलंस, राजीव? चोरासारखं?"

"विचारणार होतो."

"कधी? ते परत गेल्यावर?"

बाबांनी हात वर केला आणि ती थांबली. "मला काय होईल?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"काही नाही होणार, बाबा. बहुतेक एक कोर्स असतो. ऑनलाइन, दोन-तीन तासांचा. मी बसेन शेजारी, भाषांतर करून सांगेन."

"कसला कोर्स?"

शेवटी मीनलच म्हणाली, "गाडी हळू चालवायला शिकवतात, बाबा."

बाबांनी टेबलावरची सुरी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "सही करतो. तुमचं इथलं सगळं बसलेलं उठायला नको. पोरीची शाळा आहे." त्यांनी पेन घेतलं आणि दाखवलं तिथे सही केली, मराठीत, पूर्ण नाव. पेन खाली ठेवल्यावर ते म्हणाले, "पण पत्र टाकण्याआधी एकदा मला त्या रस्त्यावर गाडी चालवू दे. मी इथे चाकाला हातही लावलेला नाही. निदान त्या गावातून एकदा गेलो, एवढं तरी खरं होईल."

मीनल उठून स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर गेली. ती रडत होती की रागावली होती, हे बघायला जाण्याची राजीवची हिंमत झाली नाही.

मंगळवारी राजीवने बाबांच्या नावाने एक दिवसाचा विमा काढला. विल्टनच्या पुढे एका मोकळ्या जागी गाडी थांबवून दोघांनी जागा बदलल्या. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरांवर बुटाचं टोक टेकवून पाहिलं, आरसे पुसले. मग बसून उजवा हात स्टिअरिंगला लावला आणि कपाळाला टेकवला. गाडी ऑटोमॅटिक होती. डाव्या पायाला काही काम नाही हे त्यांना थोडं विचित्र वाटलं; दोन मैलांत तेही सरावलं.

डाव्या सीटवर बसून राजीव पहिल्यांदाच तो रस्ता बघत होता. नऊ वर्षं तो इथून जात होता, पण गावांची नावं त्याला धड सांगता आली नसती. हा कॅमेरा, तो कॅमेरा, एवढीच त्याची खूण. बाबा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते. चर्चचं टोक दिसलं की ते काही बोलत नव्हते, नुसता पाय उचलत होते, आणि पाटीपाशी येईपर्यंत गाडी आपसूक अठ्ठावीसवर आलेली असे. ब्रेक असा लागतच नव्हता. मागे पाच-सहा गाड्यांची रांग झाली. बाबांनी एका रुंद जागी गाडी कडेला घेतली, सगळ्यांना जाऊ दिलं, आणि जाणाऱ्या प्रत्येकाने हात केला. राजीवला या रस्त्यावर आजवर लोकांनी हात दाखवला होता तो वेगळ्या कारणाने.

चौथं गाव आलं. एका दगडी घराचं दार उघडलं आणि एक म्हातारी चाकांची पिशवी ओढत थेट रस्त्याच्या कडेशी आली. बाबा आधीच वीसवर होते. त्यांनी गाडी थांबवली आणि हाताने 'जा' अशी खूण केली. ती सावकाश पलीकडे गेली, मागे वळून हसली. दोनशे पावलांवर ती पिवळी पेटी उभी होती.

"त्या दिवशी हिचं दार बंद होतं," राजीवच्या मनात आलं. एकोणचाळीस.

बाबांनी पेटी ओलांडली आणि पुढच्या पबच्या आवारात गाडी उभी केली. "इथेच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"इथे मी एकोणचाळीसने गेलो."

ते सांगत नव्हते, पाठ करत होते. कुणी विचारलं तर अडखळायला नको म्हणून. राजीवने मान दुसरीकडे वळवली.

बाबांनी खिशातून वही काढून त्याच्या हातात दिली. "आजची ओळ तू लिही. माझा वाचायचा चष्मा मागे डिकीत राहिला. विल्टन ते इथे, चालक दीनानाथ, शेरा निरंक."

राजीवने वही उघडली. पानं उलटताना सप्टेंबरातली ती ओळ लागली. बाबांचं गोल, सुबक अक्षर. 'रीडिंग ते शाफ्ट्सबरी. चालक राजीव. शेरा: गावात वेग जास्त. समज दिली.' त्यातल्या 'राजीव'वर एक आडवी रेघ होती. वर लिहिलं होतं 'दीनानाथ'. खाली सही, आणि शनिवारची तारीख.

त्याने मागची पानं उलटली. जुलैपर्यंत, त्याच्या मागे फलटणपर्यंत. कुठेही दुसरी रेघ नव्हती.

"बाबा, हे का केलंत? ही वही कोण बघणार होतं?"

"बघणारं कुणी नसतंच रे," बाबा म्हणाले. "पण कागदावर एक नि वहीत एक, असं मला जमत नाही. झोप येईना."

राजीवला वाटलं, आपण या माणसाकडून नुसती सही घेतली नाही. तेहतीस वर्षं जे त्याने कुणाला हात लावू दिलं नव्हतं, ते आपण दुपारच्या डुलकीत पाकिटातून काढून घेतलं. आणि त्याने ते आपल्यासाठी, वर नियमाने, सही करून देऊन टाकलं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शाळेसमोर पकडला गेला तेव्हाही नाही.

त्याने समोरच्या कप्प्यातून लिफाफा काढला, त्यातला फॉर्म काढून घडी करून स्वतःच्या खिशात घातला. "मी आज त्यांना कळवतो. चुकीचं नाव मी दिलं, तुम्हाला माहीतही नव्हतं, असं."

"मग लायसन्स जाईल ना?"

"जाईल. खोटं लिहिलं म्हणून कोर्टही होईल. वकील बघावा लागेल."

"आणि नोकरी? मीनलला काय सांगशील?"

"बघू. आधी हे." त्याने पेन काढलं. बाबांच्या सुबक अक्षरातल्या 'दीनानाथ'वर एक आडवी रेघ मारली. जागा राहिली नव्हती. ओळीच्या वर, आडवंतिडवं, त्याने 'राजीव' लिहिलं आणि खाली सही केली. त्या स्वच्छ पानावर एका ओळीत दोन खाडाखोडी झाल्या होत्या. आता त्या निघणाऱ्या नव्हत्या, रबरानेही नाही.

बाबांनी उतरून डिकीतून चष्मा आणला, वही घेतली आणि ती ओळ डोळ्यांजवळ धरून वाचली. राजीव वाट बघत राहिला. ते रागावतील, निदान पाठीवर हात तरी ठेवतील, असं त्याला वाटत होतं.

"तारीख टाक," बाबा म्हणाले.

त्याने तारीख टाकली. बाबांनी वही मिटून खिशात ठेवली, गाडीच्या डाव्या बाजूला येऊन दार उघडलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"ऊठ, तिकडे बस. लायसन्स आहे तोवर तूच चालव."